रुपया एक, कागदी

न्हावऱ्यात कोणाचं लग्न झालंय की नाही, हे कागदाला विचारायची पद्धत नाही. ते गावाला माहीत असतं. नुसतं लग्नच नव्हे, तर मुलगी पाहायला जीपमधून किती जण आले होते, याद्या करताना कोणता चुलता रुसून बाहेर जाऊन बसला, त्याला आत आणायला फेटा लागला की टॉवेल-टोपीवर भागलं, आणि शेवटच्या पंगतीला बुंदी पुरली का, हे सगळं पन्नास वर्षांनंतरही तोंडपाठ. या माहितीला अर्ज लागत नाही, कोर्ट फीचं तिकीट लागत नाही, साहेब मीटिंगला गेलेले नसतात. अडचण एकच. हिची नक्कल मिळत नाही.

आणि पुतण्याला नक्कल हवी होती.

पुतण्या न्यू जर्सीला असतो. तिकडे थंडीत घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा माणसं पूर्वज शोधतात. त्यानंही संगणकावर घराण्याचा वृक्ष मांडायला घेतला. त्या वृक्षात नवरा-बायकोच्या चौकटींमध्ये सरळ रेघ येते. पण त्याचे खापरपणजोबा आणि खापरपणजी, म्हणजे माझे पणजोबा-पणजी, यांच्यात ठिपक्यांची रेघ येत होती आणि रेघेच्या मधोमध एक लाल त्रिकोण. त्रिकोणावर बोट ठेवलं की ‘विवाहाचा पुरावा उपलब्ध नाही’ असं उमटायचं.

“काका, त्यांचं मॅरेज सर्टिफिकेट तेवढं स्कॅन करून पाठवता का? घाई नाही. शनिवारपर्यंत चालेल.”

मी हे अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा माझे थोरले चुलते. पणजोबांच्या मांडीवर खेळलेलं घरातलं शेवटचं माणूस. ऊसतोडीची तारीख सोडली तर जगातल्या कोणत्याही तारखेशी त्यांचं देणंघेणं नाही. त्यांनी ठिपक्यांच्या रेघेचा अर्थ दोनदा विचारून घेतला आणि म्हणाले, “सात लेकरं झाली त्यांना. आजून काय सिद्ध व्हायचं राह्यलंय?”

पुतण्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो ज्यांच्यात राहतो त्यांची रीत निराळी. इंग्लंडात १५३८ साली थॉमस क्रॉमवेलनं चर्चांना फर्मान सोडलं की बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहीत चला. १८३७ पासून सरकारनं ते काम स्वतःच अंगावर घेतलं. त्यामुळे पुतण्याच्या ऑफिसातल्या एखाद्या गोऱ्याला आपल्या कुठल्याशा आजोबानं तीनशे वर्षांपूर्वी कोणत्या गावात, कोणत्या मंगळवारी लग्न केलं ते बसल्या जागी सापडतं, आणि तो ते कॉफीच्या मशीनपाशी सगळ्यांना सांगत सुटतो. अशा माणसापुढे आमच्या पोरानं काय सांगायचं? मानमोडीच्या आगंमागं झालं म्हणून?

खरं तर जी नोंद कोणी केलीच नाही तिला गहाळ म्हणणं बरोबर नाही. हिंदूंची लग्नं लिहून ठेवायला इथं कोणी नेमलेलंच नव्हतं. मुंबई राज्याचा विवाहनोंदणीचा कायदा आला १९५३ मध्ये, हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये, आणि सगळ्याच धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलं ते २००६ साली. त्याआधी अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली की काम झालं. फारच हौस असेल तर १८७२ चा तिसरा कायदा होता, पण त्याखाली रजिस्टर लग्न करायचं तर आधी लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांतलेही कोणी नाही. कागद पाहिजे तर धर्म सोडा, धर्म पाहिजे तर कागद सोडा. पंडिता रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी मेधावींशी याच कायद्याखाली लग्न केलं. पुढे त्यांचं मुक्ती मिशन केडगावला उभं राहिलं. न्हावऱ्याहून निघालं, पारगावला भीमा ओलांडली, चौफुल्याच्या अंगाला लागलं की केडगाव आलंच. म्हणजे आमच्याच रस्त्याला रीतसर नोंदलेल्या लग्नाचा इतका जुना दाखला आहे; पण ते लग्न लागलं बिहारात, बांकीपूरला.

गोव्यात पोर्तुगीज कायद्यापायी हिंदूंनाही लग्न सरकारदरबारी नोंदवावं लागे, त्यामुळे तिकडच्या माणसाला आज्या-पणज्यांच्या सह्याच सापडतात. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मंग त्यांच्या आज्या-पणज्या जास्त सुखी होत्या का?”

लग्नाचं असं असलं तरी मरणाची नोंद ठेवण्यात आमच्या भागाचा हात कोणी धरणार नाही. घोडनदीच्या काठाला इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी नामी मंडळी त्यात होती. तीन हजार वर्षांहून जुनी, ताम्रपाषाणयुगातली वस्ती निघाली. घरं निघाली, चुली निघाल्या, धान्याच्या कणग्या ठेवायच्या जागा निघाल्या, ते लोक काय पिकवत आणि काय खात तेही कळलं. आणि राहत्या घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं निघाली. लहान लेकरं दोन रांजणांची तोंडं एकमेकांना भिडवून त्यांत ठेवलेली. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले. ते का तोडले, तर गेलेला माणूस भूत होऊन परत चालायला लागू नये म्हणून, असं जाणकारांचं म्हणणं. एकाला मात्र चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात मांडी घातल्यासारखं बसवून पुरलं होतं आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा म्होरक्या असावा, असा अंदाज आहे. पदाधिकाऱ्यांना सवलत द्यायची प्रथा आमच्या तालुक्यात तेव्हापासूनची आहे.

एवढं सगळं खणून काढलं, पण कोणाचं कोणाशी लग्न झालं होतं ते काही निघालं नाही.

इंग्रजानं आमची हीच रीत पुढे चालवली आणि तिला गाव नमुना नंबर १४ असं नाव दिलं. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म आणि मरण, बस्स. मधलं आयुष्य ज्याचं त्यानं बघावं. ते बुक बघायला मिळेल का, असं विचारायला मी तलाठी भाऊसाहेबांकडे गेलो.

“कुणबी नोंद पाहिजे का?” भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

“नाही, लग्नाची.”

भाऊसाहेबांनी मान वर केली. २०२३ साली सरकारनं कुणबी नोंदी धुंडाळायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमल्यापासून त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण एकाच शब्दाच्या शोधात येत होता. निजामकाळापासूनची दप्तरं उघडली गेली, लाखांनी नोंदी निघाल्या, मोडी वाचता येणाऱ्या निवृत्त मास्तरांना पन्नास वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी चहा पाजू लागलं. अशा हंगामात निव्वळ पणजोबांचं लग्न शोधत आलेला माणूस बघून भाऊसाहेबांना माझी काळजी वाटली. “लग्न सापडून करणार काय?” ते म्हणाले. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाल त्रिकोणाचं सांगणं शहाणपणाचं ठरलं नसतं.

रेकॉर्ड रूममध्ये ते बुक समोर आलं तेव्हा हात लावायला भीती वाटली. कडा कसरीनं खाल्लेल्या, बोरूची शाई तांबूस झालेली, पानं उलटताना कागदाचे पापुद्रे मांडीवर पडत होते. जन्माच्या नोंदी अशा: अमुक बिन तमुक यास मुलगा. मुलाचं नाव नाही, कारण बारसं व्हायचं असे. ज्या बाईनं त्याला जन्म दिला तिचंही नाव नाही. नऊ महिने ज्याला काही पडलं नव्हतं त्या बापाचं नाव मात्र त्याच्या बापासकट. मरणाच्या नोंदीत कारणाचा रकाना होता आणि तो लिहिणाऱ्यानं फारसा विचार न करता भरला होता. ताप. ताप. ताप. मध्येच एखादी देवी, एखादी हगवण, की पुन्हा ताप. १९१८ च्या पावसाळ्यानंतर तर एकाखाली एक एवढे ताप होते की लिहिणाऱ्यानं पुढे नुसत्या टिंबांच्या खुणा केल्या होत्या. तीच ती मानमोडी, जगाचा इन्फ्लुएंझा. तेवढी पानं वाचताना, मोडी वाचायला सोबत नेलेले मास्तर आणि मी, दोघंही काही बोललो नाही. त्या पानांवर माझ्या पणजोबांचे थोरले चुलतेही होते. ऑक्टोबर १९१८, ताप. मी ते सहज टिपून घेतलं.

मग जमिनीची कागदपत्रं. फेरफारात पणजोबा जागोजागी भेटतात: कधी नुसते, कधी ए. कु. मॅ. म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. पणजी कुठेच नाही. ती एकदम उगवते पणजोबा गेल्यावर, वारसांच्या नोंदीत, ‘कोम’ असं लिहून पुढे नवऱ्याचं नाव. बाई कोणाची तरी बायको होती याचा सरकारी पुरावा नवरा मेल्यावर मिळतो. मी त्या नोंदीचा फोटो पुतण्याला पाठवला. यावरून लग्न झालं होतं हे दिसतं, कधी झालं ते दिसत नाही, असं त्यानं कळवलं. त्रिकोण हलला नाही.

घरातलीच कागदपत्रं बघू म्हणून ट्रंक काढली. कुणबी नोंदीच्या निमित्तानं गावातल्या सगळ्यांच्याच ट्रंका माळ्यावरून उतरल्या होत्या. त्यामुळे आम्ही वेगळं काही करतोय असं कोणाला वाटलं नाही. उलट दोघे-तिघे शेजारी मदतीला येऊन बसले. सोसायटीच्या पावत्या निघाल्या, दुष्काळात खडी फोडल्याचं हजेरीकार्ड निघालं, आणि बाजारातून घेतलेल्या एका बैलाची पावती निघाली. बैल पांढरा, शिंगं मागं वळलेली, सहादाती, डाव्या खांद्यावर डाग, शेपटीचा गोंडा काळा. अहाहा. त्या पावतीवरून आजही बाजारात तो बैल ओळखता आला असता. पणजीचा रंग, उंची, दात आणि माहेर यांबद्दल ट्रंकेत अक्षर नव्हतं.

त्याखाली एक रोखा मिळाला. मास्तरांनी चष्मा पुसून वाचला: अमुक रकमेचं कर्ज, लग्नाकरिता. घरात आनंदीआनंद. पण मास्तरांनी पुन्हा वाचला आणि म्हणाले, अक्षर बसतंय तसं बसतंय, ‘लागणीकरिता’ही असू शकेल. म्हणजे उसाच्या लागणीसाठी. बैठकीत दोन तट पडले. शेवटी अण्णांनी निकाल दिला. “लग्नच. आपल्या घरात शेतीसाठी कर्ज काढायची पद्धतच नव्हती. आन काढलं आसंल, तरी ते लग्नातच घातलं आसंल.” हे कोणालाच खोडून काढता आलं नाही, कारण बैठकीत बसलेल्या निम्म्या लोकांचं यंदाचं पीककर्ज कोणाच्या ना कोणाच्या मांडवात गेलेलं होतं.

इथे मला पहिल्यांदा या शोधाची किल्ली हाताला लागल्यासारखं झालं. आमच्याकडे लग्न कोणी लिहीत नाही, खर्च लिहितात. सरकारचंही तेच. पेशवाईत लग्नटका नावाची पट्टी होती, विधवेनं पाट लावला तर पाटदाम होता. तेवढ्यापुरतं सरकार मांडवात डोकावायचं. इंग्रजानं त्या पट्ट्या सोडल्या आणि लग्नात लक्ष घालणंही सोडलं. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये कुणब्याचं लग्न कसं लागतं ते हळदीपासून वरातीपर्यंत बैजवार लिहिलेलं आहे. फक्त ते कोणाचं लग्न होतं तेवढं लिहिलेलं नाही. उरला सावकार. गावातल्या लग्नांची खरीखुरी, रकमेसकट, आणि पुढे कोर्टात टिकेल अशी नोंद त्याच्या एकट्याच्या दप्तरात होती.

आणि ती दप्तरं आमच्या लोकांनी जाळली.

ही आमच्या तालुक्याची देशभर गाजलेली करामत. शिरूर तालुक्यातल्या करड्याच्या बाबासाहेब देशमुखांवर काळूराम सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं, तेव्हा १८७४ च्या अखेरीस गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि तो इकडे शिरूरपर्यंत पसरला. माणसांच्या अंगाला लोकांनी फारसा हात लावला नाही. त्यांचा राग कागदावर होता. रोखे काढा, ते चौकात आणा आणि पेटवा. पुढे सरकारनं आयोग बसवला. साहेब लोकांचा आवडता सिद्धांत असा होता की कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो. आयोगानं मात्र लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिलं गेलंय असं स्वच्छ लिहिलं. ते वाचून बरं वाटतं. तरी जळालेल्या त्या ढिगात कितीतरी लग्नं गेली असणार, हा विचार पूर्वज शोधणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. मग १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर झाला पाहिजे असं त्यानं ठरवलं. कर्जाला निबंधक मिळाला १८७९ मध्ये, लग्नाला १९५३ मध्ये. कोणती गोष्ट जास्त जोखमीची, याबद्दल सरकारचं मत यातून कळतं. माझं मत वेगळं आहे, पण ते घरात बोलून दाखवण्यासारखं नाही.

तोंडी पुराव्याचंही एकदा सांगून टाकतो. आत्या म्हणाल्या, लगीन प्लेगात झालं. धाकटे चुलते म्हणाले, छे, मानमोडीनंतर. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, त्या साली आमची म्हैस व्याली होती. ही शेवटची साक्ष मला सगळ्यांत भरवशाची वाटली, पण म्हशीचीही नोंद नव्हती.

ट्रंकेच्या तळाशी, एका जुन्या धोतराच्या फडक्यात, उभी लांबट वही होती. तांबड्या खारव्याची बांधणी, मधोमध सुतळी. पहिल्या पानाच्या चारी कोपऱ्यांत कुंकवाची बोटं आणि वर ‘श्री खंडेराव प्रसन्न’. आहेराची वही. तिच्यात एकापाठोपाठ एक अशी तीन लग्नं होती. दुसरं पणजोबांचं.

मास्तर वाचत गेले आणि आम्ही ऐकत गेलो. पागोटं १. लुगडं १, आखूड. खण-नारळ. पितळी तांब्या १, पोचलेला. रुपये २, पैकी १ उद्या देतो म्हणाले. स्वतः आले नाहीत, पोर धाडलं, आहेर नाही, पोर दोन पंगती जेवलं. हे सगळं लिहिणारा कोण होता कुणास ठाऊक. पण इतका निर्भीड इतिहासकार आमच्या जिल्ह्यानं पुन्हा पाहिला नसेल. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले, त्या दप्तरातही एवढा चोख हिशोब क्वचित मिळेल. ज्यांचा आहेर फिटला त्यांच्या नावावर आडवी रेघ. ज्यांचा फिटायचा राहिला त्यांची नावं स्वच्छ दिसतात, शंभर वर्षांनंतरही.

तारीख? होती. वैशाख वद्य पंचमी. साल लिहिलेलं नव्हतं. साल कशाला लिहायचं, ते चालूच होतं. आणि वैशाख वद्य पंचमी तर दरवर्षी येते.

पुतण्याला काय सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मास्तर एका ओळीवर अडखळले. “रुपया एक, कागदी. वटतो का पाहणे.” देणारे पणजोबांचे मामा, दौंडच्या रेल्वेत कामाला असलेले.

कागदी रुपया! पहिलं महायुद्ध पेटलेलं, चांदीची चणचण झालेली, म्हणून सरकारनं एक रुपयाची नोट पहिल्यांदा काढली ती ३० नोव्हेंबर १९१७ ला. त्याआधी पाच रुपयांच्या खालची नोटच नव्हती. त्या नव्या नोटेवर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचं चित्र छापलेलं होतं, बहुधा लोकांचा विश्वास बसावा म्हणून. न्हावऱ्यात तो बसला नाही. रुपयाचं चित्र म्हणजे रुपया कसा, असा सरळ प्रश्न वही लिहिणाऱ्याला पडला असणार, आणि म्हणून बाकी कोणाच्या रुपयापुढे नाही अशी टीप त्यानं मामांच्या रुपयापुढे जोडली. नोटा हाताळायची सवय त्या मांडवात रेल्वेवाल्या मामांनाच असायची, त्यामुळे हा मान त्यांच्याकडे गेला हेही ओघानंच आलं.

तर लग्न नोव्हेंबर १९१७ च्या नंतरचं. आणि त्याच यादीत वरून तिसऱ्या ओळीला पणजोबांचे थोरले चुलते आहेत, पागोटं १, चांगलं. हेच चुलते कोतवाल बुकात ऑक्टोबर १९१८ मध्ये तापानं गेले. या दोहोंच्या मध्ये वैशाख एकच येतो, शके १८४० चा. म्हणजे मे १९१८ ची अखेर. त्या साली पुढे पाऊस दगा देणार होता आणि मानमोडी यायची होती. मांडवातल्या कोणालाही याची कल्पना नव्हती. लुगडं आखूड आहे, एवढीच त्यांची चिंता होती.

एका संशयास्पद नोटेनं आणि एका मरणानं मिळून आमच्या घराण्याचं लग्न लावून दिलं. भटजी, सरकार आणि सावकार या तिघांना जे जमलं नाही ते आहेराच्या हिशोबानं केलं.

पणजी मात्र या वहीतही नाही. ‘नवरीस’ असा एक शब्द आहे, त्यापुढे एक लुगडं. तिचं लग्नाआधीचं नाव, बापाचं नाव, गाव, काही नाही. ती मंडळी आली होती हे नक्की, कारण ‘व्याही मंडळी, पंगत दुसरी’ अशी नोंद आहे आणि तिथे तुपाचा हिशोब आहे. तूप किती लागलं ते लिहिलं, मुलगी कोणाची ते लिहिलं नाही. इथे मला वही लिहिणाऱ्याचा पहिल्यांदा राग आला.

आजच्या लग्नांचं काय होईल, याची मला त्याहून जास्त काळजी वाटते. नोंदणी होते, ग्रामपंचायतीत अर्ज, फोटो, साक्षीदार, सगळं रीतसर. पण पुरावा म्हणून जी पत्रिका जोडतात ती एकदा नीट वाचा. आशीर्वाद देणारे चाळीस, स्वागतोत्सुक साठ, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी अर्धा डझन लेकरं, आणि वरच्या अंगाला आजी-माजी आमदार, खासदार, कारखान्याचे संचालक यांचे फोटो. वधू-वरांची नावं मध्यभागी कुठेतरी असतात म्हणतात. शंभर वर्षांनी एखादा संशोधक ती पत्रिका वाचेल तेव्हा लग्न आमदारांचंच होतं असा निष्कर्ष काढील. मुहूर्त सहा पस्तीसचा छापलेला असतो आणि अक्षता पडतात साडेआठला, कारण मधे शुभेच्छांची भाषणं असतात. तेव्हा वेळेच्या बाबतीतही हा कागद कामाचा नाही. आणि खाली ठळक अक्षरात ‘कृपया आहेर आणू नयेत’. हे वाक्य इतिहासाच्या मुळावर आलेलं आहे. आहेर नाही तर वही नाही, वही नाही तर आखूड लुगडं नाही, आणि नुसत्या सर्टिफिकेटवरून कोणाला कळणार की कोणतं पोर दोन पंगती जेवलं?

पुतण्याला सगळं कळवलं. त्याच्या संगणकात पुराव्याचे प्रकार ठरलेले होते: चर्च, न्यायालय, जनगणना, इतर. त्यानं ‘इतर’ निवडून खाली नोटेची हकीकत लिहिली. बराच वेळ गोल गोल फिरून लाल त्रिकोण पिवळा झाला. पुतण्यानं फोनवर तो अण्णांना दाखवला.

“चला,” अण्णा म्हणाले, “हळद तरी लागली.”

आता वाचकांना दोन विनंत्या. शिरूर, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यात ज्यांच्या घरी जुनी आहेराची वही असेल त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी शके १८४० ची पानं एकदा बघावीत. ‘मुलगी न्हावऱ्यास दिली’ असं कुठे लिहिलेलं आढळलं, तर आमची पणजी तुमच्या घरची आहे, आणि तिचं नाव आम्हाला हवं आहे.

दुसरी विनंती दौंडच्या त्या रेल्वेवाल्या मामांच्या वारसांना. आमच्या वहीत तुमच्या नावावर अजून आडवी रेघ नाही. मुद्दल रुपया एक, कागदी. दामदुपटीच्या नियमानं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होत नाही, तेव्हा आमच्याकडून एकूण येणं रुपये दोन. ते सवडीनं घेऊन जावेत.